मोटारीतील सुप्त शक्ती : बॅटरी आणि एअरबॅग यांची सुरक्षित हाताळणी

जबलपूर हे शहर भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांसाठी प्रवाशांना जितके परिचित आहे, तितकेच ते कारखान्यांसाठी उद्योगजगताला परिचित आहे. १९०४ साली येथे तोफांचे गाडे तयार करणारा कारखाना उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, खमरिया येथे दारूगोळ्याचा कारखाना सुरू झाला. स्वातंत्र्यानंतर, १९५९ साली, तोफगाड्यांच्या कारखान्यातूनच ‘शक्तिमान’ हा लष्करी ट्रक बाहेर पडला. जर्मनीतील ‘मान’ या कंपनीच्या सहकार्याने त्याची बांधणी झाली होती. पुढे १९६९ साली वाहनांसाठी स्वतंत्र कारखाना स्थापन करण्यात आला आणि ‘शक्तिमान’बरोबर ‘जोंगा’ ही गाडीही तेथे तयार होऊ लागली. ‘जोंगा’ या नावात जबलपूरची व तेथील तोफगाडा कारखान्याची इंग्रजी आद्याक्षरे गुंफलेली आहेत. १९५६ पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते. त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने तेथे स्थायिक झालेल्या अनेक मराठी कुटुंबांनाही ही नावे घरगुती वाटतात.

या कारखान्यांची व्यवस्था २०२१ साली बदलली. वाहनांचा, दारूगोळ्याचा व तोफगाड्यांचा असे तिन्ही कारखाने सरकारी मालकीच्या तीन निरनिराळ्या कंपन्यांकडे गेले. परंतु एक गोष्ट पूर्वीपासून आजपर्यंत कायम राहिली आहे. वाहन एका आवारात तयार होते आणि स्फोटक द्रव्य दुसऱ्या आवारात. दोन्हींची शिस्तही वेगळी असते. मोटारीवर काम करणाऱ्याच्या हातात पाना असतो व अंगावर तेलाचे डाग असतात. स्फोटक द्रव्याजवळ काम करणाऱ्याला आगपेटी दारातच ठेवून द्यावी लागते, अंगावरील स्थिर विद्युत् जमिनीत सोडावी लागते आणि प्रत्येक कृती ठरलेल्या क्रमानेच करावी लागते.

आजच्या प्रवासी मोटारीत मात्र हे दोन्ही व्यवसाय एकत्र आले आहेत. सुकाणूचक्राच्या मध्यभागी, हॉर्नच्या आवरणाखाली, अल्प प्रमाणात का होईना, वेगाने जळणारे द्रव्य बसवलेले असते. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी एअरबॅग सक्तीची झाली. १ एप्रिल २०२१ पासून नव्या नमुन्यांच्या मोटारींत चालकाशेजारील आसनासाठीही ती सक्तीची करण्यात आली आणि त्यानंतर हा नियम आधीपासून चालू असलेल्या नमुन्यांनाही लागू झाला. म्हणजे रस्त्याकडेच्या लहानशा गॅरेजात येणाऱ्या साध्या गाडीतही आता असे द्रव्य असते. ‘जोंगा’च्या काळात ज्या कारागिराला केवळ बॅटरीची काळजी घ्यावी लागे, त्याच्या वारसाला आज दोन सुप्त शक्तींची काळजी घ्यावयाची आहे. इंजिन बंद झाले, दिवे मालवले आणि किल्ली काढून घेतली, तरी या शक्ती नाहीशा होत नाहीत. सुरक्षिततेचे पुढील सर्व नियम या एका वस्तुस्थितीतून निघतात.

बॅटरीचे अंतरंग

शिसे आणि आम्ल यांची बॅटरी गास्ताँ प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ साली तयार केली. तिचे मूळ तत्त्व आजही बदललेले नाही. मोटारीच्या बॅटरीत सहा कोष एकापुढे एक जोडलेले असतात. प्रत्येक कोषातून सुमारे २.१ व्होल्ट दाब मिळतो. त्यामुळे पूर्ण भारित बॅटरीच्या दोन अग्रांमध्ये सुमारे १२.६ व्होल्ट दाब आढळतो. कोषांत शिशाच्या व शिशाच्या ऑक्साइडच्या पट्ट्या असून त्या विरल गंधकाम्लात बुडालेल्या असतात.

बारा व्होल्टचा दाब हाताला सहसा झटका देत नाही. या अनुभवामुळेच कारागीर बेफिकीर होतो. परंतु धोका दाबात नसून प्रवाहात आहे. थंड इंजिन फिरविण्यासाठी स्टार्टरला शंभराहून अधिक अँपिअर प्रवाह लागतो आणि तो पुरविण्याची क्षमता बॅटरीत असते. मध्ये काहीच अडथळा न राहता दोन्ही अग्रे धातूने जोडली गेली, तर याहून कितीतरी अधिक प्रवाह वाहतो. पाना, अंगठी, घड्याळाचा धातूचा पट्टा किंवा हातातील कडे या मार्गात आल्यास क्षणार्धात तापून लाल होते. बोटात अंगठी असेल, तर ती काढण्याइतकाही अवधी मिळत नाही. म्हणून बॅटरीला हात लावण्यापूर्वी अंगावरील धातूच्या सर्व वस्तू उतरवून ठेवणे हा पहिला नियम होय.

दुसरा धोका वायूचा आहे. बॅटरी भारित होत असताना, विशेषतः प्रमाणाबाहेर भारित होत असताना, आम्लातील पाण्याचे विघटन होऊन हायड्रोजन व प्राणवायू बाहेर पडतात. हवेत हायड्रोजनचे प्रमाण ४ टक्क्यांपासून ७५ टक्क्यांपर्यंत कितीही असले, तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. ठिणगी पडताच बॅटरीचे कवच फुटून आम्ल चहूकडे उडते. हा वायू डोळ्यांना दिसत नाही आणि त्याला वासही नसतो. रात्रीच्या वेळी कोषांतील पाण्याची पातळी पाहण्यासाठी आगपेटीची काडी ओढण्याची सवय पूर्वी अनेक चालकांना होती. तिच्यामुळे डोळे गमावण्याची वेळ येऊ शकते. बॅटरीजवळ विडी ओढणे, वेल्डिंग करणे किंवा सहाण यंत्रावर धातू घासणे हेही तितकेच घातक आहे. ‘देखभाल नको’ अशा जाहिरातीसह विकल्या जाणाऱ्या बंद बॅटरीलाही वायू बाहेर सोडणारी झडप असते. तेव्हा ती पूर्णतः निर्धोक समजू नये. बॅटरी भारित करण्याची खोली हवेशीर असावी आणि भारकाची तार जोडण्यापूर्वी वा काढण्यापूर्वी भारक बंद करावा.

तिसरा धोका आम्लाचा. गंधकाम्ल कपडे जाळते, त्वचा भाजते आणि डोळ्याला कायमची इजा करते. म्हणून रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा आवश्यक आहे. आम्ल डोळ्यात गेल्यास स्वच्छ पाण्याच्या धारेखाली निदान १५ मिनिटे डोळा धुऊन तत्काळ वैद्याकडे जावे. जमिनीवर अथवा पत्र्यावर सांडलेल्या आम्लावर खाण्याचा सोडा टाकून नंतर पाण्याने धुतल्यास त्याची तीव्रता नाहीशी होते. डोळ्यांसाठी मात्र केवळ पाणीच वापरावे.

जबलपूरसारख्या ठिकाणी उन्हाळ्यात यात आणखी एका गोष्टीची भर पडते. मे महिन्यात तेथील कमाल तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पलीकडे जाते आणि बंद बॉनेटखाली ते त्याहूनही वाढते. या उष्णतेत कोषांतील पाणी लवकर उडून जाते, पट्ट्या उघड्या पडतात आणि वायूसाठी रिकामी जागा वाढते. म्हणून उन्हाळ्यात पाण्याची पातळी अधिक वेळा पाहावी. भर घालावयाची ती केवळ ऊर्ध्वपातित पाण्याची. विहिरीचे किंवा नळाचे पाणी चालत नाही. आम्लाची भर तर कधीच घालू नये, कारण उडून जाते ते पाणी. आम्ल कोषातच राहते. नवीन आम्ल विरल करण्याचा प्रसंग आलाच, तर पाण्यात आम्ल हळूहळू सोडावे. आम्लात पाणी ओतल्यास एकदम उष्णता निर्माण होऊन ते उसळते.

प्रथम ऋण, नंतर धन

बॅटरी सोडविताना प्रथम ऋण अग्राची तार काढावी आणि बसविताना तीच सर्वांत शेवटी जोडावी, हा नियम बहुतेक कारागिरांना पाठ असतो. त्याचे कारण समजून घेतले, तर तो विसरला जाणार नाही.

आजच्या बहुतेक सर्व मोटारींत बॅटरीचे ऋण अग्र गाडीच्या पोलादी सांगाड्याशी जोडलेले असते. याचा अर्थ असा की गाडीचा प्रत्येक उघडा धातूचा भाग हा ऋण अग्राचाच विस्तार होय. एखाद्याने प्रथम धन अग्राचा नट सोडावयास घेतला आणि त्याच्या पान्याचे दुसरे टोक बॉनेटच्या पत्र्याला लागले, तर दोन्ही अग्रे त्या पान्यातून सरळ जोडली जातील. ठिणग्या उडतील, आणि त्याही वायू बाहेर पडण्याच्या जागेलगत. याउलट प्रथम ऋण अग्र सोडविताना पाना पत्र्याला लागला, तरी काहीच बिघडत नाही, कारण दोन्ही ठिकाणे एकाच बाजूची आहेत. ऋण तार दूर झाल्यावर सांगाड्याचा बॅटरीशी संबंध तुटतो आणि मग धन अग्र निर्धास्तपणे सोडविता येते. सुटलेली ऋण तार आपोआप मागे येऊन अग्राला टेकू नये, यासाठी तिच्यावर कापड गुंडाळून ती बाजूला बांधून ठेवावी.

उतरलेल्या बॅटरीला दुसऱ्या गाडीच्या बॅटरीचा आधार देतानाही हेच तत्त्व पाळावयाचे असते. प्रथम उतरलेल्या बॅटरीचे धन अग्र, नंतर चांगल्या बॅटरीचे धन अग्र, त्यानंतर चांगल्या बॅटरीचे ऋण अग्र, आणि शेवटचे टोक उतरलेल्या बॅटरीच्या अग्राला न लावता त्या गाडीच्या इंजिनाच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर लावावे. शेवटची जोडणी करताना ठिणगी हमखास उडते आणि ती वायूपासून दूर उडावी, हाच यातील हेतू आहे. आणखी एक सावधगिरी येथे सांगितली पाहिजे. मोठ्या ट्रकची विद्युत् यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची असते. रस्त्यात अडलेल्या मोटारीला ट्रकवाल्याने सद्भावनेने दिलेला असा आधार तिच्या बॅटरीला व नाजूक विद्युत् उपकरणांना घातक ठरतो.

एअरबॅगची घडण

एअरबॅगची कल्पना सुचली तीच मुळी एका दुरुस्तीच्या वेळी घडलेल्या अपघातातून. जॉन हेट्रिक हा अमेरिकन अभियंता दुसऱ्या महायुद्धात नौदलात होता. एका पाणतीराची दुरुस्ती चालू असताना त्यातील दाबलेली हवा अकस्मात सुटली आणि त्यावरील जाड कापडाचे आवरण फुगून छताकडे उडाले. पुढे १९५२ साली पत्नी व कन्येसह प्रवास करताना त्याची मोटार रस्त्यावरून घसरली. तेव्हा मुलीला वाचविण्यासाठी आईवडिलांचे हात आपोआप पुढे झाले. त्या प्रसंगी त्याला उडालेले ते कापड आठवले. १९५३ साली त्याला या कल्पनेचे एकस्व मिळाले. परंतु केवळ दाबलेल्या हवेने पिशवी पुरेशा वेगाने फुगत नाही, असे नंतरच्या प्रयोगांत दिसून आले. म्हणून अभियंत्यांना क्षणात वायू निर्माण करणाऱ्या घन इंधनाकडे वळावे लागले. १९८० च्या दशकाच्या आरंभी जर्मनीच्या मर्सिडीज-बेंझ कंपनीने आपल्या मोठ्या मोटारींत अशी एअरबॅग बसविली आणि तेथून तिचा सर्वत्र प्रसार झाला.

या यंत्रणेचे मुख्य भाग चार आहेत : आघाताची नोंद घेणारे संवेदक, त्यांच्या संदेशावरून निर्णय घेणारा नियंत्रक, वायू निर्माण करणारा वायुजनक आणि घडी घालून ठेवलेली नायलॉनची पिशवी. मोटार वेगाने कशावर तरी आदळली की नियंत्रक सेकंदाच्या काही हजारांश भागांतच निर्णय घेतो आणि वायुजनकातील प्रज्वलकाकडे विद्युत् प्रवाह सोडतो. प्रज्वलकातील केसासारखी बारीक तार तापते, तिच्याभोवतीचे द्रव्य पेटते, त्यामुळे मुख्य इंधन पेटते आणि निर्माण झालेला वायू पिशवीत शिरतो. आरंभीच्या वायुजनकांत सोडियम अझाइड वापरीत आणि त्यापासून नायट्रोजन वायू मिळे. ते द्रव्य विषारी असल्याने पुढे त्याच्या जागी इतर इंधने आली. फुगण्याची क्रिया सुमारे ३० मिलिसेकंदांत पुरी होते. डोळ्याची पापणी लवावयास याच्या कित्येक पट वेळ लागतो.

यावरून वाचकांच्या ध्यानात येईल की एअरबॅग ही मऊ उशी असली, तरी उघडताना ती उशीसारखी वागत नाही. पट्टा बांधून योग्य अंतरावर बसलेल्या माणसाला ती वाचविते. परंतु तिच्यावर वाकून काम करणाऱ्याच्या चेहऱ्यावर ती उघडली, तर मान, डोळे व हात यांना गंभीर इजा होऊ शकते.

आता या यंत्रणेला चेतविण्यास किती विद्युत् लागते ते पाहू. नेहमीच्या प्रज्वलकाचा रोध सुमारे २ ओहम असतो आणि सुमारे १.२ अँपिअर प्रवाह दोन मिलिसेकंद वाहिला की तो हमखास पेटतो. मोटारीच्या वळणदर्शक दिव्याचा २१ वॅटचा साधा बल्ब १२ व्होल्टवर १.७५ अँपिअर प्रवाह घेतो. ‘तारेत वीज येते की नाही’ हे पाहण्यासाठी अनेक गॅरेजांत असाच बल्ब दोन तारांना जोडून वापरतात. हॉर्न बिघडलेल्या गाडीत बॅटरी चालू ठेवून असा बल्ब चुकून एअरबॅगच्या जोडणीत लावला, तर प्रज्वलकातून पुरेसा प्रवाह वाहू शकतो. हॉर्न आणि एअरबॅग यांच्या तारा सुकाणूचक्रात एकमेकींच्या शेजारी असतात. म्हणून ही चूक घडणे मुळीच अवघड नाही. ओहममापकही प्रज्वलकाला जोडू नये, कारण तोही स्वतःचा प्रवाह त्यातून सोडतो. या यंत्रणेतील दोष शोधण्यासाठी तिच्या नियंत्रकाशी संवाद साधणारे निदानयंत्रच वापरावयास हवे.

प्रतीक्षेचे महत्त्व

बॅटरी सोडविली म्हणजे एअरबॅग निर्जीव झाली, असा समज स्वाभाविक आहे. परंतु तो चुकीचा आहे. अपघाताच्या पहिल्याच क्षणी बॅटरी चिरडली किंवा तिची तार तुटली, तरी एअरबॅग उघडली पाहिजे. यासाठी नियंत्रकात धारित्रे बसविलेली असतात. ती विद्युत् भार काही काळ साठवून ठेवतात. जी योजना प्रवाशाला वाचविण्यासाठी आहे, तीच घाई करणाऱ्या कारागिराला धोक्यात आणते. बॅटरीची तार काढल्यावरही काही काळ नियंत्रक प्रज्वलक पेटवू शकतो.

हा साठा उतरून जाण्यास किती वेळ लागतो, ते प्रत्येक निर्माता आपल्या दुरुस्तीपुस्तिकेत सांगतो. टोयोटाच्या पुस्तिकांत साधारणतः निदान ९० सेकंद आणि होंडाच्या पुस्तिकांत ३ मिनिटे थांबण्यास सांगितलेले आढळते. काही निर्माते याहून अधिक वेळ देतात. म्हणून त्या विशिष्ट गाडीची पुस्तिका पाहणे हाच योग्य मार्ग होय आणि पुस्तिका मिळत नसेल, तर त्या कामाला हात न घालता गाडी अधिकृत केंद्राकडे पाठवावी. हा वेळ अंदाजाने न मोजता घड्याळ लावून मोजावा. बॅटरी काढल्यावर रेडिओ व घड्याळ यांची स्मृती पुसली जाऊ नये म्हणून काही कारागीर लहानशी पर्यायी बॅटरी जोडून ठेवतात. एअरबॅगचे काम करताना हे साधन कदापि वापरू नये, कारण ते नियंत्रकालाही जिवंत ठेवते.

संकरित आणि विजेवर चालणाऱ्या मोटारींत १२ व्होल्टच्या बॅटरीखेरीज शेकडो व्होल्टची स्वतंत्र बॅटरी असते. तिच्या तारांना नारिंगी आवरण असते. या तारांना विशेष प्रशिक्षण नसलेल्या व्यक्तीने स्पर्श करू नये.

सुट्या एअरबॅगची हाताळणी

एअरबॅगच्या जोडण्या ओळखता याव्यात म्हणून त्यांना बहुधा पिवळा रंग दिलेला असतो. या जोडण्यांच्या आत एक लहानशी पट्टी असते. जोडणी सुटताच ती प्रज्वलकाच्या दोन्ही टोकांना एकमेकांशी जोडते, त्यामुळे बाहेरून आलेला भटका विद्युत् भार प्रज्वलकातून वाहत नाही. ही पट्टी वाकवू अथवा काढू नये. पिवळ्या तारा कापून नव्याने डाग देऊन जोडू नयेत. जोडणी सुटी करण्यापूर्वी कारागिराने गाडीच्या उघड्या धातूला हात लावून आपल्या अंगावरील स्थिर विद्युत् उतरवावी. हिवाळ्याच्या कोरड्या हवेत आणि कृत्रिम धाग्याचे कपडे घातले असताना ही खबरदारी विशेष महत्त्वाची ठरते.

बाहेर काढलेला, न उघडलेला एअरबॅगचा संच नेताना त्याची आवरणाची बाजू शरीरापासून दूर ठेवावी. टेबलावर ठेवताना मात्र आवरणाची बाजू वर असावी. तो पालथा ठेवला आणि अकस्मात चेतला, तर पिशवी टेबलावर आपटून संपूर्ण धातूचा संच अग्निबाणाप्रमाणे वर उडेल. त्याच्यावर दुसरी कोणतीही वस्तू ठेवू नये. तो उन्हात, भट्टीजवळ अथवा वेल्डिंगच्या जागेलगत असू नये. अपघातानंतर गाडी रंगविण्यासाठी तापविलेल्या खोलीत नेण्यापूर्वी, पुस्तिकेत दिलेल्या तापमानाची मर्यादा ओलांडली जाणार असेल, तर संच काढून ठेवावेत.

एअरबॅगइतकेच लक्ष आसनपट्ट्याकडेही द्यावे लागते. आघाताच्या क्षणी पट्टा ताणून धरणाऱ्या साधनात बहुधा असाच प्रज्वलक असतो. बाजूच्या एअरबॅग काही गाड्यांत आसनाच्या कडेला असतात. त्यावर बाजारातील जाड खोळ चढविली, तर पिशवीची वाट अडते.

उघडून गेलेली एअरबॅग निरुपद्रवी वाटते. परंतु तिचे धातूचे भाग काही काळ तापलेले असतात आणि तिच्यातून बाहेर पडलेली भुकटी डोळ्यांना व त्वचेला झोंबते. ती काढताना हातमोजे व चष्मा वापरावा आणि नंतर हात साबणाने धुवावेत. एकदा उघडलेली एअरबॅग पुन्हा घडी घालून बसविता येत नाही. संपूर्ण संच बदलावा लागतो आणि निर्मात्याच्या सूचनेप्रमाणे नियंत्रक व संवेदकही तपासावे वा बदलावे लागतात.

येथे एका अपप्रकाराचा उल्लेख आवश्यक आहे. अपघातानंतर नवा संच महाग पडतो, म्हणून त्याच्या जागी सुमारे २ ओहमचा रोध जोडून इशाऱ्याचा दिवा विझविता येतो. नियंत्रकाला सर्व ठीक आहे असे भासते, आवरणही पूर्वीसारखे दिसते. परंतु आत काहीच नसते. ती गाडी पुढे विकत घेणाऱ्या कुटुंबाला याची कल्पना नसते. ज्या दिवशी त्यांना त्या पिशवीची गरज लागेल, त्याच दिवशी हे उघडकीस येईल. असे काम करणे म्हणजे अनोळखी माणसाच्या जिवाशी खेळणे होय.

काळ, उष्णता आणि दमट हवा

वायुजनकातील इंधन वर्षानुवर्षे टिकावे अशी अपेक्षा असते. ती नेहमीच पूर्ण होते असे नाही. जपानच्या ताकाता या कंपनीने काही वायुजनकांत अमोनियम नायट्रेट हे इंधन वापरले होते. तापमानातील चढउतार आणि हवेतील बाष्प यांमुळे अनेक वर्षांच्या काळात या इंधनाची घडण बिघडत जाते. मग ते अपेक्षेपेक्षा वेगाने जळते, वायुजनकाचे पोलादी कवच फुटते आणि त्याचे तुकडे पिशवी भेदून प्रवाशांच्या अंगात घुसतात. जगात अनेक माणसे यामुळे मृत्युमुखी पडली. २००८ पासून गाड्या परत बोलावण्यास आरंभ झाला आणि पुढे ही मोहीम कोट्यवधी वायुजनकांपर्यंत पोहोचली. २०१७ साली कंपनीने दिवाळे काढले. भारतातही काही निर्मात्यांनी गाड्या परत बोलावून हे भाग विनामूल्य बदलून दिले.

उन्हाळ्यात होरपळणाऱ्या आणि पावसाळ्यात चिंब होणाऱ्या आपल्या प्रदेशांना या इतिहासातून घेण्यासारखा बोध आहे. जुनी गाडी घेताना तिच्या सांगाड्याचा क्रमांक निर्मात्याला कळवून ती परत बोलावलेल्या गाड्यांत आहे की काय, याची खात्री करून घ्यावी. भंगारात निघालेल्या गाडीतील एअरबॅग दुसऱ्या गाडीत बसवू नये, कारण ती किती वर्षे कोणत्या उन्हात व ओलीत राहिली, हे कोणीच सांगू शकत नाही. न उघडलेला संच भंगारवाल्याला तोडावयास अथवा जाळावयास देणे तर प्रत्यक्ष त्याचा जीव धोक्यात घालणे आहे. तो निर्मात्याच्या अधिकृत केंद्रामार्फतच निकालात काढावयास हवा. जुन्या बॅटरीच्या बाबतीतही असेच आहे. तिच्यातील शिसे विषारी असून आम्ल जमिनीत मुरते. २००१ च्या नियमांनी आणि त्यांच्या जागी आलेल्या २०२२ च्या नियमांनी जुन्या बॅटऱ्या गोळा करून त्यांचा पुनर्वापर करण्याची व्यवस्था घालून दिली आहे. त्यामुळे नवी बॅटरी घेताना जुनी विक्रेत्याकडे परत द्यावी. घराच्या मागे ती फोडून शिसे वितळविण्याचा उद्योग मुलाबाळांच्या आरोग्यावर उठतो.

काम संपल्यानंतर

सर्व जोडण्या पूर्ववत झाल्यावर बॅटरी जोडताना गाडीत कोणीही बसलेले नसावे. प्रथम धन व नंतर ऋण अग्र जोडावे. त्यानंतर एअरबॅगच्या समोर न येता, बाजूने हात घालून किल्ली फिरवावी. फलकावरील एअरबॅगचा दिवा लागून साधारण सहा सेकंदांत विझला, तर नियंत्रकाने स्वतःची तपासणी करून ती समाधानकारक असल्याचे कळविले असे समजावे. दिवा मुळीच न लागणे, न विझणे किंवा लुकलुकत राहणे हे दोषाचे चिन्ह होय. असा दोष असताना गाडी ग्राहकाच्या स्वाधीन करू नये. निदान त्याला तो लेखी कळवावा. मागे तोंड करून बसविलेले तान्ह्या मुलाचे आसन पुढच्या एअरबॅगसमोर ठेवू नये, एवढी सूचनाही त्याच वेळी द्यावी.

दारूगोळ्याच्या कारखान्यात या शिस्तीसाठी पर्यवेक्षक असतो, फलक असतात आणि चूक करणाऱ्याला थांबविणारे सहकारी असतात. रस्त्याकडेच्या गॅरेजात यांपैकी बहुधा काहीच नसते. तेथे ग्राहक उन्हात उभा असतो, त्याला निघावयाची घाई असते आणि हॉर्नचे काम दहा मिनिटांचे आहे असे त्याने गृहीत धरलेले असते. अशा वेळी तार काढून तीन मिनिटे नुसते बसून राहणाऱ्या कारागिराला तो आळशी समजण्याचा संभव असतो. त्याने कारण विचारलेच, तर ते त्याला समजावून सांगावे. ती तीन मिनिटेही त्या कामाचाच भाग आहेत.